घरी फोटो छापताय? रंगांच्या या चुका टाळा

लग्नसराई आली की ओळखीपाळखीतून एकच तक्रार ऐकू येते. 'स्क्रीनवर फोटो छान दिसतो, छापला की चेहरे लाल होतात.' नाहीतर 'सगळं काळवंडतं.' तक्रार घेऊन येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तोवर फोटोच बदलून ठेवलेला असतो. लाल दिसला म्हणून लाल कमी, काळा दिसला म्हणून उजेड जास्त. दोष प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, नाहीतर स्क्रीनमध्ये, नाहीतर घरातल्या दिव्यात. आणि उपचार मात्र चांगल्या-भल्या फाइलवर. दोष नेमका कुठे आहे ते सापडेपर्यंत फोटोच्या रंगांना हात लावू नका.

एकाच फोटोचे रंग दोघांनी सांभाळणं

ही चूक मी सर्वात जास्त पाहतो आणि तिच्यात सर्वात जास्त पैसा वाया जातो. वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातल्या एका मुलाने आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला अल्बम घरीच छापायचं ठरवलं. सहा रंगांचा टँकवाला प्रिंटर, चांगला ग्लॉसी कागद, सगळी तयारी होती. पण वडिलांचा पांढरा बंदगळा गुलाबी यायला लागला आणि आईच्या शालूचा हिरवा मातकट. त्याने फोटोतला मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी रंग, थोडा कमी केला, पुन्हा छापला, पुन्हा कमी केला. मग हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडणाऱ्या बारीक छिद्रांची सफाई, तीही लागोपाठ. मग मॅजेंटाची नवी बाटली. ए-फोर कागदाचं पाकीट संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, शाईच खराब आहे बहुतेक."

शाई उत्तम होती. फोटोशॉपच्या प्रिंट खिडकीत 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडलेलं होतं आणि त्याखाली कागदाचं प्रोफाइलही (त्या प्रिंटरवर, त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) बरोबर होतं. म्हणजे रंग प्रिंटरच्या भाषेत बदलून पुढे जात होते. पण ड्रायव्हरमधली, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधली, रंगसुधारणा ऑटोवरच होती, त्यामुळे तो तेच रंग पुन्हा एकदा बदलत होता. दोनदा बदललेल्या रंगांत चेहरे बहुतेक वेळा लालसर-जांभळट होतात. ड्रायव्हरमधली सुधारणा बंद केली आणि त्याची मूळ फाइल छापली. बंदगळा पांढरा आला. वाईट वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. त्याने दुरुस्त केलेल्या बाकीच्या फाइली आता हिरवट छापल्या जात होत्या आणि त्यांतल्या काही त्याने मूळ फाइलींवरच सेव्ह केल्या होत्या. ते फोटो नातेवाइकांकडून पुन्हा गोळा करावे लागले.

तेव्हा रंग एकानेच सांभाळायचे. सॉफ्टवेअर सांभाळणार असेल तर ड्रायव्हरमध्ये रंगसुधारणा बंद. एप्सनमध्ये ती 'नो कलर अ‍ॅडजस्टमेंट' या नावाने मिळते, कॅननमध्ये मॅचिंगखाली 'नन' निवडायचं. प्रिंटर सांभाळणार असेल तर सॉफ्टवेअरमध्ये 'प्रिंटर मॅनेजेस कलर्स' ठेवायचं आणि प्रोफाइलच्या भानगडीत पडायचंच नाही. नवख्याला मी दुसरी वाट सांगतो. एसआरजीबी (फोन-कॅमेऱ्यांत सर्रास वापरली जाणारी रंगपद्धत) फाइल, कंपनीची शाई, कंपनीचाच कागद आणि रंग प्रिंटरवर सोडलेले, एवढ्यावर घरच्या भिंतीवर लावण्याजोगा फोटो नक्की निघतो. लोकांना हे फार साधं वाटतं. पहिल्याच आठवड्यात प्रोफाइलं उतरवून घेतात आणि मग गोंधळतात.

स्क्रीन प्रखर ठेवून फोटो पारखणं

'प्रिंट काळी येते' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांची प्रिंट बरोबर असते, स्क्रीन भगभगीत असते. छपाईसाठी स्क्रीनचा उजेड साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) ठेवतात. हल्लीचे लॅपटॉप पूर्ण उजेडावर ३०० च्या पुढे सहज जातात. एवढ्या प्रखर पडद्यावर सावलीतला चेहराही उजळ दिसतो, मग आपण फोटो गडद करतो आणि कागदावर डोळेसुद्धा दिसत नाहीत. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, खोलीतला उजेड परतवणं एवढंच त्याच्या हातात.

स्क्रीन मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच, त्याने केलेल्या कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून स्क्रीन जुळवण्याला, तोड नाही. यंत्र नसेल तर मी असं करतो: स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडायचं, शेजारी कोरा फोटो पेपर धरायचा आणि दोन्ही सारखे पांढरे वाटेपर्यंत उजेड उतरवत न्यायचा. सुरुवातीला स्क्रीन मंद वाटते; थोडा वेळ काम केलं की डोळ्यांना सवय होते. रात्री स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइट बंद हवा. फोनवर रंग भडक करणारं 'व्हिव्हिड' लावून पाहिलेल्या रंगांशी प्रिंटची तुलना करू नका.

रात्री दिव्याखाली निकाल लावणं

मंगळबाजारात साडी घेताना बायका ती दुकानाच्या दारापर्यंत आणून उजेडात बघतात. प्रिंटही तशीच बघायची. २७०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा वाढला की उजेड निळसर) पिवळ्या दिव्याखाली आणि ६५०० केल्विनच्या ट्यूबखाली तोच कागद दोन वेगळे फोटो दाखवतो. छपाईच्या धंद्यात ५००० केल्विनचा प्रमाणित उजेड धरतात. घरी मी दिवसा गॅलरीत, थेट ऊन नसेल अशा जागी बघतो. फोटो शेवटी पिवळ्या दिव्याच्या दिवाणखान्यातच लागणार असेल तर एकदा तिथेही धरून पाहावा.

शिवाय ओली प्रिंट पारखू नये. शाई सुकताना रंग सरकतात. मी प्रिंट रात्रभर ठेवतो आणि सकाळी ठरवतो. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी खुशाल स्टुडिओतून छापून आणावं, घरचा प्रिंटर घाईच्या माणसासाठी नाही.

कागद एक, सेटिंग दुसरंच

ड्रायव्हरमध्ये 'प्लेन पेपर' आणि ट्रेमध्ये ग्लॉसी असेल तर रंगांबद्दल बोलायलाच नको. किती शाई सोडायची हे कागदाच्या प्रकारावर ठरतं. प्रोफाइलही एका प्रिंटरचं, एका शाईचं, एका कागदाचं असतं. बाजारातली स्वस्त शाई भरली की कंपनीचं प्रोफाइल बाद. 'तशीच असते हो' असं दुकानदार सांगतो, त्यावर विसंबू नका.

बाकीच्या थोडक्यात:

फाइल सीएमवायके (छापखान्याच्या चार शाईंची रंगपद्धत) करून देऊ नका. घरच्या फोटो प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबीच (स्क्रीनची लाल-हिरवा-निळा पद्धत) मागतो.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो. मूळ फाइल मागा, किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

एखादा रंग गायब किंवा पट्टे दिसले तर आधी प्रिंटरमधलं नोझल चेक, म्हणजे शाईच्या छिद्रांची चाचणी-प्रिंट. रेषा तुटलेल्या असतील तरच क्लीनिंग करा, कारण त्यात शाई वाया जाते. वडोदऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहिला तर शाई सुकून नोझल तुंबतात. मी दर आठवड्याला एक छोटा रंगीत फोटो छापतोच.

पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं टाकू नका. दमट कागदावर शाई नीट सुकत नाही.

आणि नवरात्रातल्या फोटोंबद्दल एक गोष्ट मान्य करा. चणियाचोळीचा झगझगीत राणी रंग किंवा दिव्यांचा विजेरी निळा स्क्रीनवर जसा दिसतो तसा कागदावर येतच नाही, तो शाईच्या आवाक्याबाहेर असतो. फोटोशॉप आणि लाइटरूम क्लासिकमध्ये सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छापल्यावर फोटो कसा दिसेल याची स्क्रीनवरची झलक, आहे. छापण्याआधी ते चालू केलं की कुठला रंग किती उतरणार याचा अंदाज येतो. तिथे सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवू नका. वाढवलं की घागऱ्याच्या चुण्या आणि आरसे एकाच सपाट डागात बुडतात. उलट थोडं कमी केलं तर कापडाचा पोत टिकतो. मॅट कागदावर काळाही ग्लॉसीइतका खोल येत नाही, हेही तिथेच दिसतं.

माझ्याकडे चाचणीचा एक ठरलेला फोटो आहे: दोन वेगळ्या वर्णांचे चेहरे, एक पांढरं कापड, एक काळं, आणि खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्टी. कागद, शाई किंवा सेटिंग यांतलं काहीही बदललं की आधी तो छापतो. राखाडी पट्टीत गुलाबी किंवा हिरवी झाक दिसली तर दोष छपाईत आहे, तुमच्या फोटोत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते प्रिंटच्या मागे पेन्सिलने लिहा. चाचणीसाठी ए-फोर लागत नाही, ४ बाय ६ पुरतो. कागद मात्र ज्या जातीवर शेवटची प्रिंट काढायची आहे, त्याच जातीचा घ्या.