माइंडफुल इटिंग करताय? घास मोजणं आधी थांबवा

"आठवडा झाला, सगळं नीट करतेय, तरी वजन हललं नाही." हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ झालंय: "प्रत्येक घास बत्तीस वेळा चावते, तरीही!"

माइंडफुल इटिंग म्हणजे जेवताना जेवणाकडेच लक्ष देऊन खाणं. वजनाचं नंतर बघू. आधी हे बत्तीस.

चावण्याचं वेड नवीन नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत होरेस फ्लेचर नावाचे गृहस्थ अन्न तोंडात अगदी पातळ होईपर्यंत चावत राहा, असा प्रचार करत फिरायचे. त्यांना भक्तही भरपूर मिळाले. पण चावणं आणि लक्ष देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मला फजिती झाल्यावरच कळलं.

सुरुवातीचे पंधरा दिवस मीही मोजायचो. एकदा ऑफिसात जेवताना शेजारचा सहकारी घरातल्या आजारपणाबद्दल सांगत होता. मी मान डोलावत होतो आणि मनात एकोणीस, वीस, एकवीस चालू होतं. त्याने विचारलं, "तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?" माझ्या तोंडून निघालं, "तेवीस." त्या दिवशी जेवणात मीठ कमी होतं की जास्त, तेही मला सांगता आलं नसतं. सगळं लक्ष आकड्यांवर होतं, ना माणसावर ना ताटावर. रात्री घरी येऊन फ्रिजचं दार उघडं ठेवून उभ्यानेच जे हाताला लागलं ते खाल्लं, ते वेगळंच.

शिवाय मऊ पदार्थाला आणि कडक पदार्थाला एकच आकडा कसा चालेल? मी आता एवढंच करतो: तोंडात घास असेपर्यंत हात रिकामा ठेवतो. पुढचा घास तयार करून तोंडाशी धरून बसायचं नाही. चावणं आपोआप होतं, त्यासाठी हिशेबनीस लागत नाही.

मला चीड आणणारी लोकांची दुसरी चूक म्हणजे पोटात कावळे ओरडेपर्यंत थांबून मग 'शांतपणे' जेवायला बसणं. असं जमतच नाही. बराच वेळ उपाशी राहिलं की घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक चढलेलं असतं आणि हात आपोआप भराभर चालतो. पोट भरल्याची खबर मात्र सावकाश पोचते. जठर ताणलं गेल्याचा निरोप व्हेगस नर्व्ह या मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो, अन्न लहान आतड्यात उतरल्यावर तिथून आणखी संप्रेरकं सुटतात. ढोबळमानाने वीसेक मिनिटं धरा. सात मिनिटांत ताट रिकामं करणाऱ्याला ही खबर मिळते तेव्हा तो दुसऱ्यांदा वाढून घेऊन तेही संपवून उठलेला असतो. यावर काही उत्साही मंडळी वीस मिनिटांचा टायमर लावतात आणि मग जेवणापेक्षा घड्याळाकडेच जास्त बघतात. त्यांना माझा दंडवत! जेवायला उशीर होणार हे दिसत असेल तर मी तासभर आधी थोडं काहीतरी खाऊन घेतो. अर्धं ताट झालं की पाठ टेकून दोन-चार श्वास थांबतो. कधी पुढे जेवतो, कधी नाही.

फोन पालथा ठेवणं म्हणजे फोन दूर ठेवणं नव्हे. माझा दुसऱ्या खोलीत असतो. 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये 2013 साली 24 अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. लक्ष दुसरीकडे असताना माणूस त्या वेळी जास्त खातोच, पण नंतरच्या खाण्यात ही वाढ आणखी मोठी दिसली. जेवल्याची नीट आठवणच राहिली नाही, तर चार वाजता काहीतरी हवंसं वाटणारच.

पहिल्याच दिवशी तिन्ही वेळचं जेवण असं करायला जाऊ नका, चौथ्या दिवशी सोडाल. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस कोर्समध्ये खाण्याचा सराव एका मनुक्यापासून होतो. एकाच! लोकांना ते बालिश वाटतं आणि ते थेट आठवडाभराच्या जेवणाचा तक्ता मागतात. मनुका नको असेल तर कोणत्याही जेवणाचे पहिले तीन घास घ्या.

लक्ष भरकटलं? भरकटणारच. पुढच्या घासाला परत या.

जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपास करू नका. वरची कावळ्यांची गोष्ट पुन्हा सुरू होते.

'भूक लागेल तेव्हाच खा' हा सल्ला सरसकट घेऊ नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर जेवणाची वेळ डॉक्टर सांगतील तीच. खाण्याशी आधीच भांडण असेल, म्हणजे उपाशी राहणं, उलट्या काढणं असं काही, तर एकट्याने प्रयोग नकोत.

आणि वजन? हे वजन उतरवायचं यंत्र नाही. कुणाचं उतरतं, कुणाचं नाही. रोज काट्यावर उभं राहणाऱ्यांनी दुसरं काहीतरी शोधावं.

जेवताना मौनही पाळायला नको. घास तोंडात असताना ऐकायचं, गिळल्यावर बोलायचं. त्या सहकाऱ्यासोबत मी अजूनही असाच जेवतो. तो मात्र अधूनमधून मध्येच थांबून विचारतो, "किती झाले?"