न्यायालयात नव्याने रुजू झालेल्या लिपिकांसाठी : सीआयएसवरील कामाचा अनुभव

तालुका न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालेल्यांना सीआयएसचे (केस इन्फर्मेशन सिस्टीम, म्हणजे प्रकरणांच्या नोंदी ठेवणारी संगणक प्रणाली) लॉगिन मिळाले की टंकलेखन येते म्हणजे हे कामही जमेल, असे साहजिकच वाटते. दिवाणी शाखेत अनेक वर्षे काम केल्यावर माझे मत वेगळे झाले आहे. वेग सवयीने येतो; पण आज प्रकरणात नेमके काय घडले, हे रोजनाम्यावरून अचूक ओळखता येणे ही या कामाची खरी पात्रता आहे.

ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील चमूने ई-न्यायालये प्रकल्पासाठी विकसित केली. आपण भरलेली माहिती राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या देशभरातील प्रकरणांच्या सार्वजनिक संकेतस्थळावर आणि पक्षकारांच्या मोबाइलवरील ॲपमध्ये दिसते. दूरच्या गावातील माणूस वकिलांना फोन करण्याआधी तिथेच पुढची तारीख पाहतो आणि त्या भरवशावर मजुरी बुडवून न्यायालयात येतो, हे नोंद करताना कायम लक्षात असू द्यावे.

दाखल करताना मिळणारा फाइलिंग क्रमांक आणि छाननीनंतर मिळणारा नोंदणी क्रमांक वेगवेगळे असतात. नवीन माणसाची इथेच गल्लत होते. त्याशिवाय प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. त्यात आधी राज्य आणि जिल्ह्याची अक्षरे, मग न्यायालयाचा संकेतांक, पुढे अनुक्रम आणि शेवटी वर्ष येते. पक्षकार चौकशीला आला की त्याला हाच क्रमांक लिहून द्यावा, कारण नावाने शोधताना स्पेलिंगमधील एका अक्षराच्या फरकानेही प्रकरण सापडत नाही. म्हणून वादी-प्रतिवादींची नावे दाव्यातील मजकुरावरून मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही रकान्यांत भरावीत आणि एकदा वाचून पाहावीत.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते प्रकरणाच्या टप्प्याकडे. समजा, मनाई हुकुमाच्या दाव्यात प्रतिवादीवर समन्स बजावले गेले, बेलिफाचा अहवाल आला आणि प्रतिवादीच्या वकिलांनी वकीलपत्रही दाखल केले. तरीही लिपिकाने केवळ पुढची तारीख भरून टप्पा ‘समन्स’ असाच ठेवला, तर ते प्रकरण बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या सुनावणीच्या यादीत, चुकीच्या जागी येते, निशाणी 5 च्या (तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या) अर्जावरील प्रतिवादीचे म्हणणे बाकी आहे हे बोर्डावरून न्यायाधीश महोदयांना कळत नाही आणि वादीचा तातडीचा अर्ज विनाकारण मागे पडतो. बजावणीच्या तारखेचेही तसेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार कैफियतीची (प्रतिवादीच्या लेखी उत्तराची) 30 दिवसांची मुदत समन्स बजावल्यापासून मोजली जाते आणि न्यायालय ती 90 दिवसांपर्यंत वाढवू शकते. त्यामुळे तारखेच्या रकान्यात अंदाजाने काही भरणे अजिबात चालणार नाही. एनस्टेपवरील (समन्स बजावणीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवरील) बजावणीची नोंद आणि फाइलमधील अहवाल समोरासमोर ठेवून, दोन्ही जुळल्यावरच ती तारीख भरावी.

लैंगिक अत्याचाराच्या आणि पोक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) प्रकरणांत पीडितेचे नाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील सार्वजनिक रकान्यात जाता कामा नये. शंका आली तर नोंद जतन करण्याआधी सहायक अधीक्षकांना विचारावे. तेवढा उशीर परवडतो, पण एकदा बाहेर गेलेली ओळख परत झाकता येत नाही.

निकालाची नोंद करताना निकाल गुणवत्तेवर झाला, तडजोडीने झाला की दावा काढून घेतला, हे आदेशाचा अंतिम परिच्छेद वाचूनच निवडावे. संध्याकाळी उठण्यापूर्वी बोर्डावरील प्रत्येक प्रकरणाला पुढची तारीख पडली आहे ना, हे तपासावे. ज्या प्रकरणाला तारीखच नाही ते उद्याच्या काय, कोणत्याच दिवसाच्या बोर्डावर येत नाही आणि पक्षकाराने विचारणा करेपर्यंत ते राहून गेल्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही. रजेवर जाताना टेबल ज्यांच्याकडे सोपवाल, त्यांना अशा प्रकरणांची यादी आधी द्या आणि मगच फाइलींचे कपाट दाखवा.