दोन ठोकळे, एक टॅब आणि चोवीस रचना

वर्गात लेगोचे ठोकळे आणायचे म्हटलं की सगळे आधी विचारतात, किती लागतील? मी गणित शिकवते आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: मुलांच्या दर जोडीला दोन. दोन्ही ठोकळे चार बाय दोनचे, म्हणजे वर आठ बटणं असलेले, एक लाल आणि एक पिवळा. सोबत कॅमेरा असलेला टॅब किंवा फोन. ढीगभर ठोकळे दिले की मुलं घरं, गाड्या करण्यात रमतात. तेही त्यांना मिळायलाच हवं, पण त्यासाठी वेगळा तास ठेवा.

फळ्यावर प्रश्न लिहा: लाल ठोकळ्यावर पिवळा ठोकळा किती प्रकारे बसेल? लाल नेहमी आडवाच ठेवायचा. दोन्ही ठोकळ्यांच्या कडा एकमेकींना समांतर किंवा काटकोनात हव्यात, तिरकं चालणार नाही. प्रत्येक रचनेचा वरून फोटो काढायचा, मग ती मोडून पुढची करायची. पुस्तकांच्या दोन चळतींवर टॅब स्क्रीन वर करून आडवा ठेवा आणि कॅमेऱ्याची बाजू मधल्या फटीवर येऊ द्या. हात हलत नाही, सगळे फोटो एकाच मापाचे येतात, आणि पुढे त्याचाच उपयोग होतो.

सुरुवातीला मुलं सुचेल तसं लावतात. लावू द्या. थोड्याच वेळात वाद सुरू होतो: 'हा आधी झालाय!' 'नाही, तो उलटा होता!' इथे निवाडा तुम्ही देऊ नका. फोटो संपादनाच्या अ‍ॅपमध्ये एक फोटो अर्धा फेरा फिरवायला सांगा. दोन फोटो तंतोतंत जुळले तर रचना एकच. टॅब आणायचा तो यासाठी. ठोकळे मोडले की आधीची रचना हातात उरत नाही, फोटोत मात्र ती पडताळता येते.

आता क्रमाने जायला सांगा. आधी पिवळा लालला समांतर ठेवून एकेक बटण सरकवायचा: लांबीच्या दिशेने 7 जागा, रुंदीच्या दिशेने 3, म्हणजे 21. मग पिवळा काटकोनात फिरवायचा: दोन्ही दिशांना 5-5 जागा, म्हणजे 25. कोलाज अ‍ॅपमध्ये किंवा स्लाइडवर 7 बाय 3 आणि 5 बाय 5 अशा चौकटी करून फोटो जागच्या जागी बसवले की सुटलेली रचना रिकाम्या घरात लगेच दिसते. 'कुठलं राहिलं?' हे मग मुलंच एकमेकांना विचारतात.

शेवटी अर्ध्या फेऱ्यात जुळणाऱ्या जोड्या काढायच्या. 21 मधला बरोबर मधला फोटो एकटा उरतो, बाकीच्यांच्या 10 जोड्या होतात, म्हणजे 11 रचना. 25 मध्ये 12 जोड्या आणि एक एकटा, म्हणजे 13. एकूण 24. हा आकडा आधी फोडू नका. कुणाचे 23 आले, कुणाचे 26, तर मुलांच्या दोन जोड्यांना टॅब शेजारी ठेवून फोटो ताडून बघू द्या. सममिती शिकवायला मला याहून चांगला धडा सापडलेला नाही.

अ‍ॅप निवडताना मुलांचं खातं उघडायला लावणारं घेऊ नका, आणि फोटोत चेहरे येऊ देऊ नका. हेच फोटो स्टॉप मोशन अ‍ॅपमध्ये क्रमाने टाकले की पिवळा ठोकळा लालवरून सरकताना दिसतो. सेकंदाला 4-5 फोटो पुरतात. अपूर्णांकांसाठीही हीच मांडणी चालते: आठ बटणांच्या ठोकळ्यावर चारचा, दोनचा ठोकळा ठेवून फोटोवरच अर्धा, पाव लिहायचं.

24 चा हिशोब पक्का झाल्यावर तिसरा ठोकळा हातात द्या आणि फक्त अंदाज विचारा. एकाच रंगाचे तीन ठोकळे 1,060 प्रकारे जोडता येतात, आणि सहा घेतले तर 91,51,03,765 प्रकारे. हा दुसरा आकडा संगणकाकडून मोजून घ्यावा लागला, हेही सांगा. मग कुणीतरी विचारतंच, संगणकाला कसं सांगितलं? तिथून पुढचा तास स्क्रॅचचा, म्हणजे मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेचा.