इंग्रजीचा एक शब्द, आइसलँडिकचे तीन: वाट मराठीतून काढा

आइसलँडला नवीन आलेली आपली मंडळी भाषा शिकायला बसली की सगळ्यात आधी इंग्रजी-आइसलँडिक कोश उघडतात. 'नो' (know, माहीत असणं) शोधतात, समोर तीन-चार क्रियापदं येतात, त्यातलं पहिलं उचलतात आणि वाक्यात ठोकून देतात. मी राजधानी रेक्याविकशेजारच्या कोपावोगुरला राहते, मूळची कोल्हापूरची. रविवारी दुपारी चार-पाच जण माझ्याकडे शिकायला येतात, त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की कोश नंतर. आधी जे म्हणायचंय ते अख्खं वाक्य मराठीत वहीत लिहा.

कारण इंग्रजीने जे अर्थ एका शब्दात कोंबलेत, ते मराठीने बहुतेक वेळा आधीच वेगळे करून ठेवलेत, आणि आइसलँडिकनेही जवळपास तिथेच वेगळे केलेत.

'नो'चंच घ्या. 'मला माहीत आहे', 'मला पोहता येतं', 'मी तिला ओळखते'. इंग्रजीत तिन्हीकडे 'नो' चालून जातं. आइसलँडिकमध्ये माहीत असणं म्हणजे 'विता', येणं म्हणजे 'कुन्ना' आणि ओळखणं म्हणजे 'थेह्क्या'. भाषा येते, कविता पाठ येते, पोहता येतं, सगळीकडे कुन्ना. आपल्या 'येणे'वर बोट ठेवा, उत्तर समोर आहे. (उच्चार ढोबळ लिहितेय. 'थ' थाळीतला नाही, इंग्रजी 'थिंक'मधला. कोशात शोधताना मूळ स्पेलिंग लागणारच, ते वहीत शेजारी लिहून ठेवा.)

याच पद्धतीने पटापट सुटणारे आणखी काही: 'आस्क' म्हणजे विचारणं असेल तर 'स्पिर्या', मागणं किंवा विनंती करणं असेल तर 'बिद्या'. 'लिव्ह' म्हणजे राहणं 'बूआ', जगणं 'लिवा'. 'व्हेन' म्हणजे केव्हा, तर 'क्वेनाइर'. जेव्हा, तर 'थेगार'. 'इफ'मधला 'जर' म्हणजे 'एफ', पण 'तो येतो की नाही बघ' यातलं 'की नाही' म्हणजे 'क्वोर्त'. 'हॉट' म्हणजे गरम 'हेइतुर', तिखट 'स्तेर्कुर'. स्तेर्कुरचा मूळ अर्थ बळकट, दणकट. रश्श्याला दणकट म्हणणारी भाषा कोल्हापूरकराला आवडायलाच हवी.

'थिंक'पाशी मात्र जरा थांबा. डोक्यात विचार करणं म्हणजे 'हुग्सा'. 'मला वाटतं तो घरी असेल' असा अंदाज असेल तर 'हाल्दा', आणि तिथे कर्ता साधा 'मी' राहतो, 'येग हेल्द'. पण 'मला ही कॉफी छान वाटते' असं मत असेल तर 'म्येर फिन्स्त'. 'म्येर' म्हणजे चक्क 'मला'. चतुर्थी! इंग्रजीतून येणाऱ्याला हे डोंगराएवढं वाटतं. आपण जन्मापासून असंच बोलतोय. मला थंडी वाजते, 'म्येर एर काल्त'. मला कंटाळा येतो, 'म्येर लेइदिस्त'. मला बरं वाटतंय, 'म्येर लीदुर वेल'. इंग्रजीवरून 'मी गरम आहे' असं वाक्य मात्र इथे करू नका. उकडतंय हे सांगायला गेलात तर समोरचा गालातल्या गालात हसेल, कारण त्याचा अर्थ इंग्रजीतल्या 'हॉट'सारखाच भलतीकडे जातो.

आपली ही चतुर्थी एका ठिकाणी दगा देते. 'मला कॉफी हवीशी वाटतेय' याला व्याकरणाप्रमाणे 'मिग लाउंगार' म्हणायचं, म्हणजे द्वितीया. आपल्या तोंडात सरसकट 'म्येर' येतं. गंमत अशी, की खुद्द आइसलँडची कितीतरी माणसंही इथे 'म्येर' म्हणतात आणि शाळामास्तर त्याला 'चतुर्थीचा रोग' म्हणतात. तेव्हा फार जिवाला लावून घेऊ नका, पण परीक्षेत 'मिग' लिहा.

नात्यांत तर आपली चैन आहे. 'अंकल' म्हणजे कोण? काका 'फ्योदुरब्रोदिर', मामा 'मोदुरब्रोदिर': बापाचा भाऊ, आईचा भाऊ. आत्या 'फ्योदुरसिस्तिर', मावशी 'मोदुरसिस्तिर'. पुतण्या-भाच्यांचंही तसंच, भावाचा मुलगा वेगळा, बहिणीचा वेगळा. बोलताना मात्र लोक सरळ 'फ्राइन्दी' म्हणतात, त्यात काका, मामा, चुलतभाऊ, पुतण्या, कुठलाही पुरुष नातलग बसतो; बाईमाणूस असेल तर 'फ्राइंका'. म्हणून गप्पांत फ्राइन्दी ऐकू आलं की अर्थ लावायची घाई नको. मावशीच्या नवऱ्याला मात्र वेगळं नाव नाही, 'मावशीचा नवरा' असंच म्हणायचं. आणि पोहण्याच्या तलावावर एखादं पोर 'अम्मा' म्हणून ओरडलं तर ते आईला नाही, आजीला हाक मारतंय.

आता माझा आवडता शब्द, 'स्प्रिंग'. वसंत म्हणजे 'वोर', गादीतली स्प्रिंग म्हणजे 'गोर्मुर', इथवर ठीक. पाण्याचा झरा आला की या देशात एका शब्दाने भागत नाही. उकळतं पाणी जमिनीतून वर येतं तो 'क्वेर'. अंघोळीला, धुण्याला सोसेल असं कोमट-गरम पाणी असलं की 'लोयग'. पोहण्याच्या तलावाच्या नावातही हाच शब्द. थंड, पिण्याचा झरा तो 'लिंद'. हे पाठ करायला नकाशा पुरतो. क्वेरागेर्दी या गावाच्या नावात क्वेर आहे आणि गावात जागोजागी वाफा निघतात. रेक्याविकचा मुख्य बाजाररस्ता लोयगावेगुर, म्हणजे झऱ्यांची वाट: पूर्वी बायका धुण्याची गाठोडी घेऊन याच वाटेने लोयगारदालुरच्या गरम झऱ्यांवर जायच्या. त्याच शहरात लिंदारगाता नावाचीही गल्ली आहे. आणि क्वेर म्हणजे काय हे एकदा डोळ्यांनी बघायचं असेल तर देइल्दारतुंगुक्वेरला जा. सेकंदाला 180 लिटर पाणी, तेही 97 अंशांचं. तेच पाणी नळाने 64 किलोमीटरवरच्या आक्रानेसपर्यंत जातं. तिथे उभं राहून कुणी क्वेरला लोयग म्हणणार नाही. आमच्याकडे एकाने विचारलं होतं, हे सगळे 'गीझर'च ना? नव्हेत. गेइसिर हे एका विशिष्ट झऱ्याचं नाव, त्यावरून इंग्रजीने सगळ्या उसळत्या झऱ्यांना तो शब्द लावला. आइसलँडिकमध्ये उसळणारा झरा तो 'गोसक्वेर'.

'टाइम' सोपा आहे. वेळ म्हणजे 'तीमी', किती वाजले हे विचारताना 'क्लुह्कान', आणि एकदा म्हणजे 'एइनू सिन्नी'. लहान मुलांच्या गोष्टीही एइनू सिन्नीनेच सुरू होतात. तीमीचा आणखी एक अर्थ शाळेतला तास. आपणही गणिताचा तास म्हणतोच.

इंग्रजी 'वेल'साठीही मराठी धरा: विहीर 'ब्रुन्नुर', नीट 'वेल', आणि वाक्याच्या सुरुवातीचं 'बरं' म्हणजे 'याइया'. याइयाचा अर्थ सुरात असतो. पाहुणा उठायच्या बेतात असला की याइया, काम संपलं की याइया, बोलण्यासारखं काही उरलं नाही तरी याइया.

मराठी सगळीकडे कामाला येते असं मात्र नाही. आपण वाद्य वाजवतो आणि पत्ते खेळतो. इथे पत्ते, फुटबॉल, पियानो, तिन्हीला 'स्पिला', आणि पोरांचं खेळणं तेवढं वेगळं, 'लेइका स्येर'. 'परवा'ने तर आपणच घोळ घालून ठेवलाय. गेलेला परवा म्हणजे 'ई फिर्रादाग', येणारा परवा म्हणजे 'एह्की आउ मोर्गुन हेल्दुर हिन्न': उद्या नाही, तर त्याच्या पुढचा. लांबलचक आहे, पण डॉक्टरांची वेळ घेताना सुरक्षित.

आता कोश उघडा. वाक्य मराठीत आहे, अर्थ नक्की झालाय. इंग्रजी-आइसलँडिक कोशातून मिळतील तेवढे सगळे पर्याय वहीत उतरवा आणि प्रत्येक पर्याय आइसलँडिक-आइसलँडिक कोशात उलटा तपासा. आर्नी माग्नुस्सोन संस्थेचा आधुनिक भाषेचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. व्याख्या कळली नाही तरी उदाहरणाची वाक्यं बघा. तुमच्या वाक्याशी जुळणारं सापडलं की थांबा. त्याच संस्थेचा 'बीन' नावाचा रूपांचा संग्रह आहे. पाटीवर 'हेंदी' वाचलंत आणि कोशात सापडलं नाही तर बीनमध्ये टाका, ते 'ह्योंद', म्हणजे हात, या मूळ शब्दापाशी नेऊन सोडेल. घोड्याला, घोड्याचा यातून घोडा ओळखणाऱ्या माणसाला ही कल्पना नवीन नाही.

वहीत मथळा मराठी ठेवा, खाली आइसलँडिक शब्द, आणि क्रियापद असेल तर त्याच्यापुढे ते कर्माला कुठली विभक्ती लावतं ते. 'पार्क'खाली दोन नोंदी करण्यापेक्षा 'बाग' या मथळ्याखाली 'गार्दुर' लिहा आणि 'गाडी लावणे'खाली 'लेग्या', पुढे कंसात चतुर्थी. कारण इथे गाडी लावत नाहीत, गाडीला लावतात.