पेनड्राइव्ह फॉरमॅट मारण्याआधी

आधी आतलं सगळं दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइली तिथे उघडूनही बघा. नुसती नावं दिसली म्हणजे फाइली शाबूत आल्या असं नव्हे.

मग हा पेनड्राइव्ह कुठेकुठे लावायचा आहे ते आठवा. बरेचजण जीबी बघून फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, ठरवतात. मी त्या सगळ्या यंत्रांतलं सर्वांत हेकट यंत्र कोणतं, ते बघतो. जुना टीव्ही, गाडीतला स्टिरिओ किंवा प्रिंटर असेल तर फॅट३२ला पर्याय नाही. १९९६ पासून चालत आलेला हा फॉरमॅट जवळपास सगळीकडे वाचला जातो. त्याची खोड एकच, पण मोठी: ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल त्यात मावत नाही. ६४ जीबीचा ड्राइव्ह पूर्ण रिकामा असला तरी सहा जीबीचा व्हिडिओ तो घेणार नाही, आणि माणूस उगाच ड्राइव्हला खराब ठरवतो. म्हणून तुमची सर्वांत मोठी फाइल केवढी, ते आधीच बघून ठेवा. शिवाय विंडोजची फॉरमॅटची खिडकी वर्षानुवर्षं ३२ जीबीच्या पुढे फॅट३२ देतच नव्हती. ड्राइव्ह मोठा असेल तर वेगळं सॉफ्टवेअर हाताशी ठेवा.

विंडोज आणि मॅक दोन्हीकडे फिरणाऱ्या ड्राइव्हला एक्सफॅट द्या. लिनक्स असेल तर त्याचा कर्नल (गाभा) ५.४ किंवा त्यापुढचा आहे ना, एवढं तपासा, कारण एक्सफॅट त्यात तिथून आला. एनटीएफएस फक्त विंडोजवाल्यांसाठी. मॅक ते वाचतो, पण आपणहून त्यावर लिहीत नाही. लिनक्सचा एक्स्ट४ फॉरमॅट केलात तर विंडोज सरळ 'फॉरमॅट करायचं का?' विचारेल, आणि घाईत कुणीतरी 'हो' म्हणेल.

एक्सफॅटला जर्नल नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद नसते. लिहिणं चालू असताना ड्राइव्ह उपटला तर फाइल जाऊ शकते. तेव्हा इजेक्ट करायची सवय असलेल्याच माणसाला तो द्या!

आता प्रत्यक्ष फॉरमॅट: ड्राइव्ह न तपासता झटपट होणारा क्विक फॉरमॅट पुरेसा आहे. ड्राइव्हबद्दल शंका असेल तरच पूर्ण फॉरमॅट, आणि त्यासाठी वेळ काढून बसा. लेबल, म्हणजे ड्राइव्हचं नाव, अकरा अक्षरांच्या आत ठेवा. स्टार्ट दाबण्याआधी बाहेरून जोडलेल्या बाकीच्या हार्ड डिस्क काढून ठेवा आणि ड्राइव्हचं अक्षर व साइझ पुन्हा एकदा वाचा.