जुनी पेट्रोल जीप उभ्या उभ्या थरथरते? स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

स्वारगेटच्या सिग्नलला जीप न्यूट्रलमध्ये उभी असते आणि स्टिअरिंग, आरसा, मागच्या सीटवरची पिशवी, सगळं थडथडत असतं. रेस दिली की इंजिन सुतासारखं चालतं, पाय काढला की पुन्हा भुकभुक. अशा वेळी दहातले नऊजण बॉनेट उघडून आधी कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर पेचकस ठेवतात. मीही ठेवला होता. पण दोष निघाला वायपरच्या रबरी नळीत! तो किस्सा पुढे येईलच.

माझी जीप चार सिलिंडरच्या जुन्या हरिकेन इंजिनाची आहे, त्यामुळे खालचे आकडे त्या इंजिनाचे. तुमचं इंजिन वेगळं असेल तर त्याच्या मॅन्युअलमधले घ्या. तपासण्याचा क्रम मात्र हाच ठेवा.

गाडी मोकळ्या हवेत, सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड लावा. शर्टाच्या बाह्या दुमडा, कारण रेडिएटरचा पंखा समोरच फिरत असतो. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि चोक पूर्ण उघडला आहे ना, ते डोळ्यांनी बघा. चोकची केबल अडकून झडप अर्धी मिटलेली राहणं हा जुन्या गाड्यांचा नेहमीचा रोग आहे. तेवढंच निघालं तर काम पाच मिनिटांत संपलं.

आता मिसिंग, म्हणजे पेट न घेणं, कुठल्या सिलिंडरला आहे ते शोधायचं. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिचं टोक बॉडीला टेकवून ठेवा आणि गाडी सुरू करा. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता; काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच. असं चारही सिलिंडरचं करा. चालू इंजिनाची वायर हाताने उपटू नका, झटका जबर बसतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर मेलेले निघाले तर मधली हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्या. वायरी परत लावताना ठिणगीचा क्रम १-३-४-२. एकदा दोन वायरींची अदलाबदल करून मी अर्धा दिवस घालवला आहे.

आता इंजिन बंद करून प्लगही काढा आणि त्यांचं तोंड बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी दिसली तर पेट्रोल जास्त होतंय, पांढरं फटक दिसलं तर हवा जास्त. ओलं, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजल्यात, आणि ते घरचं काम नाही. प्लगचा गॅप ०.७५ मिमी आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्यातल्या) पॉइंटचा ०.५ मिमी, फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी घालूनच मोजा. पॉइंटवर खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने घासत बसू नका. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही नवे टाका. नाना पेठेत हे सुटे भाग अजून सापडतात, फक्त जुना नमुना खिशात ठेवून जा. पावसाळ्यात अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालवून बघा. वायरींवरून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवरून निळ्या ठिणग्या उड्या मारताना दिसल्या, तर वायरी आणि कॅप बदला.

ठिणगी ठीक असेल तर हवा. कार्ब्युरेटरखालची गॅस्केट, मॅनिफोल्डचे जोड, व्हॅक्यूमच्या (इंजिनाच्या ओढीवर चालणाऱ्या) नळ्या, यांतून हवा आत खेचली गेली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. रेस दिल्यावर ही चोरटी हवा एकूण हवेपुढे किरकोळ ठरते, म्हणून दोष फक्त आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, जाणवतो. प्रत्येक जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा, डिस्ट्रिब्युटर आणि वायरी तेवढ्या वाचवा. आवाज क्षणभर बदलला तर गळती तिथेच. काहीजण यासाठी पेट्रोल शिंपडतात. गरम सायलेन्सरशेजारी हा उद्योग कृपा करून करू नका.

माझ्या जीपचा वायपर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. एका मिस्त्रीने मिक्स्चर स्क्रू (कार्ब्युरेटरचा, हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) इतका आवळला की त्याच्या टोकाला कंगोरा पडला, आणि थरथर होती तिथेच. शेवटी मी एकेक नळी चिमटीत दाबत गेलो. वायपरची नळी दाबली आणि इंजिन शांत झालं. क्लिपखाली केसाएवढी चीर होती.

मग पेट्रोल. फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं, पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवा. तळाशी थेंब वेगळे बसले तर ते पाणी. हल्लीच्या ई२० पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा ओढतं, जुन्या रबराला फुगवतं आणि मिश्रणही थोडं पातळ करतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या जीपला हे जास्त भोवतं. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. स्लो जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी) काढून कार्ब क्लीनरने धुवा, हवा मारा. तार घालू नका, भोक मोठं होतं.

कात्रजचा घाट चढून थांबल्यावरच गाडी भुकभुकत असेल, तर उष्णतेने पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये उकळतं आहे. बॉनेट उघडा, चहा घ्या.

एवढं सगळं झाल्यावर मिक्स्चर स्क्रू. एअर क्लीनर जागेवर बसवा. इंजिन बंद ठेवून स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि कागदावर लिहा. मग दीड फेरा बाहेर काढून गरम इंजिन सुरू करा. पाव पाव फेरा इकडेतिकडे करत इंजिन सगळ्यात जलद आणि एकसारखं चालेल ती जागा शोधा. त्यानंतर दुसऱ्या स्क्रूने, म्हणजे थ्रॉटलच्या, आयडलिंग साधारण ६०० आरपीएमवर आणा. आता मिक्स्चर पुन्हा एकदा तपासा, कारण एक हलवला की दुसरा थोडा बिघडतोच. लगोलग पीयूसी काढून घ्या. त्या मशीनवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा कानापेक्षा खरा.

तरीही एक सिलिंडर मेलेलाच राहिला तर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासायला मिस्त्रीकडे जा. या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये असतात, तेव्हा हे इंजिन आधी खोललेला माणूस शोधा.

माझ्या बॉनेटच्या आतल्या बाजूला पिवळ्या ऑइल पेंटने लिहिलंय: दीड फेरा, अर्धा मिमी, वायपरची नळी बघ.