चेक परत आला? पुढच्या तीस दिवसांत काय करायचं

चेक वटला नाही की आपण आधी फोन लावतो. समोरचा म्हणतो, ‘चार दिवस थांबा, मग परत टाका.’ जुना व्यवहार, ओळखीचा माणूस, म्हणून आपण थांबतो. असं थांबत राहण्यात कितीतरी दुकानदार आणि छोटे कंत्राटदार निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १३८ खालचा, म्हणजे चेक न वटल्याबद्दल फौजदारी तक्रार करण्याचा, हक्क गमावून बसतात. संबंध जरूर सांभाळा, पण तारखा हातच्या सोडू नका.

१. मेमो ताब्यात घ्या. चेकसोबत बँक रिटर्न मेमो देते. त्यावर कारण असतं: खात्यात पुरेशी रक्कम नाही, खातं बंद, पेमेंट थांबवलं. मेमो हातात आला तो दिवस त्याच्याच कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा, कारण पुढची मुदत चेक परत आल्याचं तुम्हाला कळलं त्या दिवसापासून मोजतात. चेकवर लिहिलेल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत असाल तर तो पुन्हा भरता येतो. तीन महिने उलटले की तो मार्ग बंद.

२. नोटीस तीस दिवसांच्या आत पाठवा. ही नोटीस लेखीच हवी. वकिलाकडून गेली तर उत्तम, स्वतः लिहिली तरी कायद्याला चालते. चेक नंबर, तारीख, बँक, मेमोतलं कारण, पैसे कशाचे येणं होते आणि ‘नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम द्यावी’ हे स्पष्ट लिहा. इथे एक गोष्ट फार जपा: मागणीची रक्कम चेकवरच्या आकड्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. चेक ८५,००० चा आणि नोटिशीत व्याज मिसळून ९२,००० मागितले, तर नोटीसच अवैध ठरू शकते. व्याज आणि नोटिशीचा खर्च मागायचा असेल तर वेगळ्या ओळीत, वेगळा आकडा घालून मागा. नोटीस स्पीड पोस्टाने योग्य पत्त्यावर पाठवा, पावती आणि पोच जपून ठेवा. समोरच्याने पाकीट घ्यायला नकार दिला तरी, पत्ता बरोबर असेल तर, नोटीस पोचली असंच सामान्यतः धरलं जातं.

३. पंधरा दिवस वाट पाहा, मग महिन्याच्या आत कोर्टात जा. समजा, मेमो ५ जूनला मिळाला. नोटीस ५ जुलैपर्यंत जायला हवी. तुम्ही ती २० जूनला पाठवली आणि त्यांना २४ जूनला मिळाली, तर पंधरा दिवस ९ जुलैला संपतात. पैसे आले नाहीत, तर ९ ऑगस्टच्या आत तक्रार दाखल करून मोकळे व्हा. उशीर झाल्यास सबळ कारण दाखवून माफी मागता येते, पण त्या भरवशावर राहू नका.

तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल, तर ते खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते. म्हणजे गिऱ्हाईक परगावचं असलं तरी हेलपाटे तुमचे वाचतात. चेक कंपनीचा असेल तर कंपनीलाही आरोपी करायला विसरू नका. नुसत्या संचालकावर केलेली तक्रार टिकत नाही.

मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत, बिलं, सही घेतलेलं डिलिव्हरी चलन, खातेउतारा, हे सगळं एका फाइलीत लावा. सही मान्य असेल तर चेक देण्याघेण्यापोटीच दिला, असं कायदा आधी गृहीत धरतो आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. तरीही ‘तो चेक नुसता सिक्युरिटीसाठी होता’ हा बचाव येतोच, आणि त्याला खरं उत्तर चलनावरची सहीच देते.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असताना चेकच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेशही कोर्ट देऊ शकतं. त्यासाठी अर्ज करायला वकिलांना आवर्जून सांगा.

बरीच प्रकरणं लोकअदालतीत तडजोडीने मिटतात, आणि ते चांगलंच आहे. मात्र तडजोडीत पुन्हा चेक देऊ केला, तर तो वटून रक्कम खात्यात जमा होईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका.